आधी माणूस, मग पिशवी

डोळे मीट आणि माझ्याबरोबर बघ. एका लाकडी खुर्चीत बसायचं आहे, पाठ सरळ. मांडीच्या वर, पण मांडीला न टेकवता, दोन्ही तळहातांवर एक कापडी पिशवी धरायची आहे. पिशवीत जाडजूड शब्दकोश आहेत. सुरुवातीला काहीच वाटत नाही. मग मनगटं कुरकुरू लागतात, मग कोपर, मग खांद्यामागची ती जागा, जिला धड नावही नाही. आणि तेवढंही सहन केलं की एक विचित्र गोष्ट घडते. ओझं जाणवेनासं होतं. आपला आकारच मुळी असा आहे, पुढे झुकलेला, हात ताठ, असं वाटू लागतं. आणि आता समोरून कुणीतरी येतं आणि पिशवी पटकन उचलून घेतं. हातांकडे बघ. आपण काही केलेलं नाही, तरी ते वर निघालेत. कुणी दोऱ्याने ओढावेत तसे, सावकाश, छातीपर्यंत, हनुवटीपर्यंत. ते आपले नाहीतच असं वाटतं. दिसलं? ठीक. आता त्या हातांच्या जागी एका अकरा वर्षांच्या मुलीचे हात ठेव, आणि ऐक.

तिचे हात असे वर आले तेव्हा वर्गातली सगळी मुलं हसली. तीही हसली, पण हसता हसता आपण आत्ता रडणार की काय अशी तिला भीती वाटली. रडण्यासारखं काही झालेलं नव्हतं. तिच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या त्या शिकवणीच्या खोलीत रोजच्यासारखी संध्याकाळ होती. फळ्यावर एकच इंग्रजी क्रियापद लिहिलेलं होतं, रिलीव्ह, म्हणजे ओझ्यातून मोकळं करणं, आणि फळ्यापुढे तीन खुर्च्या मांडलेल्या होत्या. शिकवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, आणि त्यांचं सगळं शिकवणं खुर्च्यांवर चाले, म्हणून मुलं त्यांना पाठीमागे खुर्चीबाई म्हणत. बाईंना ते माहीत होतं. पहिल्या खुर्चीत ओझं घेणारा, दुसऱ्या खुर्चीत ओझं असलेला, आणि तिसरी खुर्ची रिकामी. तिथे जाऊन पडायची ती पिशवी. पहिल्या खुर्चीतल्या मुलाला सगळे लांबू म्हणत. त्याने तिच्या हातातली पिशवी उचलली, तिसऱ्या खुर्चीवर आदळली आणि छाती काढून वाक्य म्हटलं, "आय रिलीव्ह्ड द बॅग."

"बरं," बाई म्हणाल्या. "पिशवीला हलकं वाटलं का रे? विचार तिला."

लांबूने खरंच पिशवीकडे पाहिलं, त्यामुळे पुन्हा हशा झाला.

"पिशवी जिथे जाईल तिथे पिशवीच राहते," बाई म्हणाल्या. "हलकं कुणाला झालं? जिचे हात वर गेले तिला. मग तिचं नाव आधी. आय रिलीव्ह्ड हर. आणि मग, ऑफ द बॅग. या क्रियापदाला ओझ्याच्या आधी माणूस दिसतो. तुम्हालाही तसाच दिसला पाहिजे, नाहीतर वाक्य बरोबर येईल आणि काम चुकीचं होईल."

मुलगी अजून दुसऱ्या खुर्चीत होती. हात तिने मांडीवर आणून दाबून धरले होते, तरी ते आतून वर यायला बघत होते. बाईंचं तिच्याकडे लक्ष गेलं. त्यांनी फक्त नेहमीचा गृहपाठ दिला. नेहमीचा म्हणजे असा: उद्या प्रत्येकाने या क्रियापदाचं एक वाक्य आणायचं, लिहून नाही, तोंडी, आणि ते खरं असलं पाहिजे. आज इथून गेल्यापासून उद्या इथे येईपर्यंत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. पुस्तकातला हमाल चालणार नाही. "पुस्तकातल्या हमालाच्या डोक्यावरची पेटी मी लहान असल्यापासून बघतेय," बाई म्हणाल्या, "ती अजून कुणी उतरवलेली नाही." चष्मिष नावाची सगळ्यांत छोटी मुलगी होती, तिने विचारलं, "बाई, खरं नाही सापडलं तर?" बाई म्हणाल्या, "तर रिकाम्या हाताने या. खोटं आणण्यापेक्षा ते बरं."

जिना चढताना तिला वाटलं, हे सोपं आहे. घरात माणसं फार नसली तरी ओझी बरीच आहेत, कुणीतरी कुणाचं तरी काहीतरी घेतच असेल. मग दुसऱ्या मजल्यावर ती थांबली, कारण डोळ्यांपुढे एकही प्रसंग येईना. तिचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरची खोली, आतली खोली, आणि मध्ये एक अरुंद पॅसेज. बाहेरच्या खोलीत बाबा असत, आतल्या खोलीत आई आणि आईचं शिलाई मशीन. पॅसेजमध्ये भिंतीला लागून एक बुटकं स्टूल होतं, ते तिचं. त्यावर बसलं की दोन्ही खोल्या दिसत. पण बाहेरून आतलं माणूस दिसत नसे आणि आतून बाहेरचं. हे घर बांधणाऱ्याने काही मुद्दाम केलेलं नव्हतं, पण पुढे ते सोयीचं पडलं. कारण गेल्या उन्हाळ्यापासून आई आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. भांडण कशावरून झालं ते तिला कळलं नाही. ती बाहेरून खेळून आली तेव्हा ते संपत आलं होतं, आणि तिने फक्त शेवट ऐकला होता. आई म्हणत होती, "यापुढे मला काही सांगायचं असेल तर हिच्याकडून सांगा," आणि बाबा म्हणाले होते, "बरं." दोघंही शांत माणसं. भांडी आपटली नाहीत, दारं आदळली नाहीत. एक 'बरं' झालं आणि घराची पद्धत बदलली. "मुंगे, आईला सांग दूध आणलंय." "मुंगे, बाबांना सांग गॅसवाला येऊन गेला." मुंगी हे तिचं घरातलं नाव, लहानपणी ती भिंतीच्या कडेकडेने धावायची म्हणून बाबांनी ठेवलेलं. आता ती खरोखरच कडेकडेने धावत असे, तोंडात काहीतरी धरून. या पद्धतीचा एक अलिखित नियम होता आणि तो दोघंही पाळत. समोरचं बोलणं कानावर पडू द्यायचं नाही. ती बाबांकडे निघाली की आई मशीनच्या पायपट्टीवर पाय दाबायची, मोटर घुर्र करून सुरू व्हायची. ती आईकडे निघाली की बाबा रेडिओ मोठा करायचे. चोरून ऐकणं दोघांनाही कमीपणाचं वाटे. त्यामुळे पॅसेजच्या त्या चार पावलांत वाक्याचं काय होतं हे फक्त तिलाच माहीत असायचं.

आणि काय होत असे? तू विचारशील म्हणून सांगतो. आई कपड्यांच्या एका दुकानासाठी दुरुस्तीचं काम करायची. आखूड करणं, ढिलं करणं, उसवून पुन्हा बसवणं. मुलगी तिच्याजवळ बसून ते बघत मोठी झाली होती. चांगल्या कपड्याच्या शिवणीत आत थोडं कापड राखलेलं असतं. कपडा घट्ट झाला की शिवण उसवायची, ते राखलेलं कापड सोडायचं, पुन्हा टीप मारायची. घालणाऱ्याला वाटतं आपणच बारीक झालो. तिच्या लक्षात आलं की वाक्यांतही असं थोडं कापड राखलेलं असतं. आई म्हणाली होती, "सांग त्यांना, ओले बूट पुन्हा आत दिसले तर खिडकीतून फेकीन." चार पावलांत तिने ती शिवण उसवली आणि बाबांपाशी जाऊन म्हणाली, "आई म्हणते, बूट बाहेर ठेवले तर लवकर वाळतील." बाबांनी मुकाट्याने बूट उचलले, वर जुन्या कागदाचे बोळेही आत कोंबले. आईने ते पाहिलं आणि रात्रीच्या जेवणाला त्यांच्या ताटात एक पोळी जास्त वाढून पाठवली. मुलीला त्या दिवशी एवढा आनंद झाला की तिला बराच वेळ स्टुलावर बसवेना. आपल्याला एक कला येते, आणि ती कुणाला दिसत नाही. पण कपडा एकदा ढिला केला की झालं, तो कपाटात जातो. वाक्यांचं तसं नव्हतं. आई खरं काय म्हणाली आणि आपण बाबांना काय सांगितलं, बाबा खरं काय म्हणाले आणि आपण आईला काय सांगितलं, हे सगळं तिला एकाच वेळी डोक्यात धरून ठेवावं लागे. एक जरी निसटलं तरी पुढच्या वाक्याचं माप चुकलं असतं. शिवाय काही वाक्यं द्यायची नसत, नुसती ठेवायची असत. बाबा म्हणाले होते, "गुडघा फार दुखतो गं हल्ली. पण हे आईला नको सांगूस, उगाच काळजी करेल." आणि आई एकदा हातातल्या कापडाकडे बघत म्हणाली होती, "इथे निदान लोक मला विचारत येतात. तिकडे मी कोण?" आणि मग तिच्याकडे बघून, "हे सांगायचं नाहीये कुणाला." अशी न द्यायची वाक्यं सगळ्यांत जड. ती ढिलीही करता येत नाहीत.

'तिकडे' म्हणजे कुठे, तर दुसऱ्या शहरात. बाबा लिफ्टचे मेकॅनिक होते. दिवसभर लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करायच्या आणि संध्याकाळी बिनलिफ्टच्या इमारतीत तीन मजले चढून यायचं, यावर ते स्वतःच विनोद करत. कंपनीने त्यांना विचारलं होतं, दुसऱ्या शहरातल्या नव्या शाखेत देखरेखीचं काम आहे, टेबलावर बसून, येता का? बाबांनी ते मुंगीकडे दिलं. मुंगीने ते आईला जसंच्या तसं दिलं, कारण त्यात घट्ट काही नव्हतं. आईच्या तोंडात टाचण्या होत्या. ओठांच्या कोपऱ्यातून ती म्हणाली, "सांग त्यांना, जायचं असेल तर एकट्याने जा. मी माझं मशीन उचलून कुठेही जाणार नाही." त्या दिवशी पॅसेज फार छोटा वाटला. वाक्याला कुठेच कापड राखलेलं नव्हतं. तरी तिने ओढूनताणून काहीतरी केलं. बाबांपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आई म्हणते, मशीन कसं न्यायचं?" बाबांनी रेडिओ बंद केला. त्यांचा चेहरा असा उजळला की तिला मागे फिरताच येईना. "एवढंच ना," ते म्हणाले. "मशीनची काळजी मला."

खुर्चीबाईंकडून तो गृहपाठ घेऊन ती वर आली त्या संध्याकाळी जिन्याच्या शेवटच्या वळणावर बाबा भेटले. खांद्यावर लाकडी खोका होता, नवा, रंधा मारलेला, कोपरे पत्र्याने बांधलेले. आत चारी बाजूंनी जाड स्पंज चिकटवला होता. तो त्यांनी कामावरच्या सुताराकडून जेवणाच्या सुट्टीत बसून करून घेतला होता. तिला वाटलं, हेच आपलं वाक्य. ती धावली आणि तिने खोक्याचा मागचा कोपरा धरला. "सोड गं मुंगे," बाबा म्हणाले, "मला जड नाही." पण त्यांचा उजवा पाय पायरीवर टेकताना क्षणभर थांबत होता, आणि तिने ते पाहिलं. खोका त्यांनी बाहेरच्या खोलीत दाराआड ठेवला आणि रुमालाने पुसला. "आईला सांग, मशीन यात बसेल. गादीवर झोपल्यासारखं जाईल. आणि सांग, उद्या रात्री साहेबांना फोन करून मी हो म्हणतोय." ती पॅसेजमध्ये आली आणि स्टुलावर बसली. बाहेर रेडिओ मोठा झाला. आत मशीन चालू होतं, थांबत होतं, चालू होत होतं. तिने हातांकडे पाहिलं. ते मांडीवर होते, तळवे वर, आणि जरा पुढे आलेले. अगदी दुसऱ्या खुर्चीत असायला हवेत तसे. कधीपासून आपण असे बसतो ते तिला आठवेना.

आई पाणी भरायला बाहेर आली तेव्हा तिने तो खोका पाहिला. तशीच परत आत गेली. मग मुलीला हाक मारली. "काय आहे ते?"

"खोका आहे."

"ते दिसतंय मला. कशाला?"

"मशीनसाठी," ती म्हणाली, आणि पुढचं तिच्या तोंडातून निघेना.

आईने मशीनच्या चाकावर हात ठेवला. "म्हणजे मला विचारायचं पण नाही," ती म्हणाली, फार हळू. "सरळ बांधूनच टाकायचं. काय घाई झालीय त्यांना माझं काम उचलून फेकायची." तिने टाचण्या तोंडातून काढून डबीत टाकल्या आणि मग सवयीने त्यातल्या दोन पुन्हा ओठांत धरल्या. "सांग त्यांना." पण काय सांग ते तिने सांगितलं नाही. मुलगी वाट बघत उभी राहिली. एवढ्या प्रेमाने रंधा मारलेला खोका, आणि आईला तो असा दिसला. बाबांना तर वाटतंय की आई निघायला तयार आहे, फक्त मशीनची चिंता आहे. दोघांनाही जे दिसत होतं ते तिने शिवलेलं होतं, आणि दोघांनाही ते अंगाला बरोबर बसलं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाता-येता ती वाक्य शोधत राहिली. शोधायला लागलं की शहर निराळंच दिसतं. एका चौकातल्या पोलिसाच्या जागी दुसरा पोलीस आला आणि पहिला शिट्टी खिशात टाकून निघून गेला, पण दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही. एका दुकानापुढे टेंपोतून पोती उतरत होती. पोत्यांखालची माणसं वाकत होती आणि सरळ होत होती, मालक पोती मोजत होता. बसमध्ये एका बाईने उभ्या असलेल्या मुलाचं दप्तर मागून घेतलं आणि ते मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसली. हे जवळजवळ वाक्य होतं. पण मुलाने दप्तर देताना तोंड वाकडं केलं. त्यात त्याचं काहीतरी ठेवणीतलं असावं, कारण पूर्ण वेळ तो त्या दप्तरावरच नजर ठेवून उभा होता. त्याचे हात वर आले नाहीत. ओझं गेलं आणि माणूस तसाच राहिला, तर क्रियापद लागू पडतं का? हे बाईंना विचारायला हवं, असं तिने मनात ठेवलं. मनात आधीच एवढं काही ठेवलेलं होतं की हा प्रश्न सरकवायला जागा करावी लागली.

आणि मग बस एका उंच इमारतीसमोरून गेली आणि तिला ती जुनी दुपार आठवली. शाळेला सुट्टी होती, घरी कुणी नव्हतं, म्हणून बाबांनी तिला कामावर नेलं होतं. लिफ्टचं दार उघडून त्यांनी तिला दुरून आतला उभा, काळोखा, तेलाचा वास येणारा बोगदा दाखवला होता. दोर वर जात होते आणि बाजूने लोखंडी वजनांची एक चळत सावकाश खाली येत होती. "बघ," बाबा म्हणाले, "माणसं वर जातात तेव्हा हे खाली येतं. हे नसलं तर मोटरचा जीव जाईल. पण लिफ्टमधल्या लोकांना हे कधी दिसत नाही." तेव्हा तिला त्या वजनाची दया आली होती. आता बसच्या काचेला कपाळ टेकून तिला वाटलं, आपणही त्या बोगद्यातच असतो, भिंतीला घासत, खाली-वर. आपण हललो नाही तर काय होईल? सगळं कोसळेल. हे तिला इतकं पक्कं माहीत होतं की ते तिने कधी शब्दांत मांडलंच नव्हतं. आज मांडलं, आणि मांडल्याबरोबर त्या दुपारचा पुढचा भागही आठवला. तिने विचारलं होतं, "बाबा, दोर तुटला तर?" आणि बाबा हसले होते. "सिनेमात पडते गं लिफ्ट. खरी नाही पडत. ती वेगाने खाली निघाली की खालचे जबडे आपोआप रुळांना घट्ट धरतात. धक्का बसतो, आतली माणसं ओरडतात, घाबरतात. पण लिफ्ट जिथल्या तिथे उभी राहते. मग आम्ही येतो, दार उघडतो, एकेकाला हात देऊन बाहेर काढतो." तिने विचारलं होतं, तुम्ही पाहिलंय का असं? "पाहिलंय म्हणजे? मीच काढलंय लोकांना. बाहेर आले की पहिली गोष्ट काय विचारतात माहितीये? जिना कुठे आहे."

संध्याकाळी बाबा आले तेव्हा ती स्टुलावर होती. तळमजल्यावरच्या वर्गाला अजून थोडा अवकाश होता आणि तिचे हात रिकामे होते. बाबांनी बूट बाहेर काढले, आत आले, खोक्याकडे एकदा समाधानाने पाहिलं. "मुंगे, आईला सांग, मशीन एकदा खोक्यात ठेवून बघू म्हणावं. मग मी साहेबांना फोन लावतो." ती उठली. रेडिओ मोठा झाला. आत आई एका कोटाची शिवण उसवत होती.

"बाबा म्हणतात, मशीन खोक्यात ठेवून बघू," ती म्हणाली. जसंच्या तसं.

आईचा हात थांबला. टाचण्यांच्या आडून ती म्हणाली, "सांग त्यांना, माझ्या मशीनला हात लावायचा नाही. तो खोका घ्या आणि तुमच्या कपड्यांनी भरा." मग तिने पाय पायपट्टीवर ठेवला, नेहमीसारखा, लेक बाबांपाशी पोचेपर्यंत आवाज करायला.

मुलगी पॅसेजमध्ये आली. चार पावलं. तिला सवयीने वाक्याची शिवण दिसली, कुठून उसवायची तेही दिसलं. 'आई म्हणते, आधी कपडे ठेवून बघा.' इतकं सोपं होतं. बाबांना ते बरोबर बसलं असतं. त्यांनी फोन उचलला असता आणि हो म्हटलं असतं, आणि ते 'हो' तिचं असतं. ती मध्येच उभी राहिली. मग ती मागे वळली, आतल्या खोलीत गेली आणि भिंतीवरचं मशीनचं बटण बंद केलं. मोटर घरघरत थांबली. आईने मान वर केली. "आई, टाचण्या काढ ना तोंडातल्या," ती म्हणाली. तिथून ती बाहेरच्या खोलीत गेली आणि रेडिओ बंद केला. मग परत पॅसेजमध्ये येऊन स्टुलाजवळ उभी राहिली. घर इतकं शांत झालं की आपला श्वास दोन्ही खोल्यांत ऐकू जात असेल असं तिला वाटलं.

"आई म्हणाली होती, जायचं असेल तर एकट्याने जा. मी मशीन उचलून कुठेही जाणार नाही," ती भिंतीकडे बघत म्हणाली. ती वाक्यं नीट, एकेक करून ठेवत गेली. "मशीन कसं न्यायचं, असं आई म्हणाली नव्हती. ते माझं होतं. बूट लवकर वाळतील, ते पण माझं होतं. आणि आई, बाबांनी खोका तुझं काम फेकायला आणला नाही. तू यायला तयार आहेस असं त्यांना वाटलं, म्हणून आणला. माझ्यामुळे वाटलं." मग ती पुढे म्हणाली, "अजून दोन गोष्टी आहेत. एक बाबा म्हणाले आईला सांगू नकोस, आणि एक आई म्हणाली कुणाला सांगायची नाही. त्या मी सांगत नाही. पण आता माझ्याकडे पण नको. तुमच्या तुम्ही घ्या."

धक्का बसला. तिने तो पायांत अनुभवला, लिफ्ट थांबते तसा. ती वाट बघत राहिली. मग बाहेर खुर्ची सरकली आणि बाबा पॅसेजच्या तोंडाशी आले. उजवा हात भिंतीला टेकवून, गुडघा न वाकवता. आतल्या दारात आई आली होती. टाचण्या तिच्या मुठीत होत्या. दोघं एकमेकांसमोर उभी होती आणि मध्ये ती होती, आणि कुणालाच कुठे बघावं कळत नव्हतं. शेवटी आईने दोघांच्या पलीकडे, दाराआडच्या खोक्याकडे पाहिलं.

"त्यात चाक बसणार नाही," ती म्हणाली.

"चाक काढता येतं," बाबा म्हणाले. "एकच स्क्रू आहे."

"नाही काढायचं ते. आणि मी येत नाही म्हटलं होतं ना."

"मला कुठे म्हटलंस?"

 आईचं लक्ष त्यांच्या भिंतीवरच्या हाताकडे गेलं, तिथून खाली पायाकडे. "काय झालंय गुडघ्याला?"

"काही नाही."

"काही नाही कसं? भिंत धरून उभे आहात."

बाबांनी हात भिंतीवरून काढला, आणि पुन्हा टेकवला. "हल्ली लिफ्टच्या बोगद्यात उतरवत नाही," ते म्हणाले. इतक्या हळू की दुसऱ्या कुठल्याही संध्याकाळी ते रेडिओखाली बुडून गेलं असतं. "साहेबांना आज नाही फोन करत. सोमवारी सांगेन काय ते. तू बस जरा. मला पण बसू दे."

बाहेरच्या खोलीत खुर्ची एकच होती. मुलीने स्टूल उचललं, बाबांच्या खुर्चीसमोर नेऊन ठेवलं, आणि आईसाठी ते बुटकं आहे हे माहीत असूनही ती तशीच बाजूला झाली. आई त्यावर बसली. मग मुलीने चपला घातल्या. जिन्यात वरून आवाज येत होते, एक आणि मग दुसरा. शब्द ओळखू येत नव्हते आणि ओळखायला ती थांबली नाही. ते कुणाकडे न्यायचे नव्हते.

खाली वर्ग सुरू झाला होता. दुसऱ्या खुर्चीत चष्मिष बसली होती, हातांवर तीच पिशवी, चष्मा घसरून नाकाच्या टोकावर आलेला आणि तो वर करायला हात मोकळा नाही. लांबू पहिल्या खुर्चीतून उठून बाईंशी वाद घालत होता की चौकातला पोलीस त्यानेही पाहिला होता, तो वाक्य म्हणून चालायला हवा. "ये," खुर्चीबाई तिला म्हणाल्या. "मिळालं का गं खरं वाक्य?"

ती दारातच उभी राहिली. "वर चालू आहे, बाई," ती म्हणाली. "अजून पूर्ण झालेलं नाही."

बाईंनी मान हलवली, जसं काही हेही एक उत्तर असतं. लांबू पुन्हा पोलिसाकडे वळला. मुलीने चपला काढल्या, रिकाम्या पहिल्या खुर्चीला वळसा घातला आणि दुसऱ्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. म्हणजे चष्मिषचा चेहरा तिच्या चेहऱ्यासमोर आला. तिने आधी तिचा चष्मा वर सरकवला. "जड झालंय का गं?" तिने विचारलं. चष्मिषने हो म्हणून मान हलवली. मग तिने पिशवी उचलून घेतली, आणि ती कुठेही न ठेवता, चष्मिषचे हात वर येताना बघत राहिली.